ओळंब्यातून निघालेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी शिशाची गोळी आहे. आकार चिंचोक्याएवढा, रंग राखेचा, अंगावर एक खोल खाच. मला पाहून कुणी हरखून जात नाही. पण माझ्यावाचून कुणी गळ टाकून दाखवावा! दोरीला तरंगण्यासाठी बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर ऐटीत उभी असते आणि सारे तिच्याकडेच बघत बसतात. तिला उभं करणारी मी. मी खाली ओढते म्हणून ती वर ताठ राहते. मी नसले तर बाईसाहेब पाण्यावर आडव्या.

माझा जन्म मात्र माशांसाठी झाला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात तळ्याचं काम निघालं. सारं गाव तिथं माती वाहत होतं. पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्याची भिंत शांतलिंग गवंडी बांधत होते. त्यांनी मातीच्या साच्यात शिसं ओतून एक ओळंबा केला. दोरीला तो टांगायचा आणि भिंत सरळ आहे की नाही ते पाहायचं. त्या ओळंब्याच्या पोटात मी होते. सांडवा माझ्या साक्षीनं उभा राहिला, हे मी मान वर करूनच सांगते.

पुढं तळं भरलं. ज्यांनी ते खणलं त्यांनीच मच्छीमार सोसायटी काढली आणि पाण्यात रोहूची बोटाएवढी पिल्लं सोडली. पण काठाच्या दगडांत मरळ मासे दबा धरून होते. एकेक मरळ हातभर लांब! पिल्लं दिसली की गट्टम. जाळं टाकलं तर दगडांत अडकून फाटायचं. पहिल्याच वर्षी मासळी हाती आली नाही तर तळं बाहेरच्या ठेकेदाराकडं जाणार होतं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बौद्धवाड्यातल्या धुरपदाबाई सोसायटीच्या सभासद होत्या. त्यांनी गळाला कोंबड्याच्या मानेचं पीस लाल दोऱ्यानं बांधून खोटा किडा केला. मरळीला भुलवायला तो झकास होता. पण वजनाशिवाय दोरी लांब जाईना. खडा बांधला तर निसटून पडे. शेवटी त्यांनी शांतलिंगअप्पांचा ओळंबा मागून आणला आणि दोरीला अख्खाच्या अख्खा बांधला.

धपकन आवाज झाला. ओळंबा तळाशी, काडी बुडालेली, किडा चिखलात आणि मरळी पसार! काठावर बसलेल्या गंगम्मा पोट धरून हसल्या. "बाई, मासा धरताव का भिंत बांधताव?"

अप्पाही हसले. मग त्यांनी ओळंबा दगडावर ठेवला आणि छन्नी काढली. धुरपदाबाईंनी त्यांचा हात धरला.

"अप्पा, तुमचं हत्यार हाय ते. उद्या भिंत कशी बांधणार?"

"दोरीला धोंडा बांधीन की. म्या मासा खात न्हाय, पर तळं माझंबी हाय."

छन्नीचे घाव बसले, ओळंब्याच्या पाच गोळ्या झाल्या आणि प्रत्येकीला दोरीसाठी एक खाच पडली. त्यातली एक मी. दुखलं, पण ऐटही वाढली. धुरपदाबाई माझी खाच दातानं दाबणार, तोच अप्पा ओरडले, "दातानं न्हाय! शिशात इख असतंय. पकडीनं दाबा."

आता एकेक गोळी एकेका दोरीला लावून सोसायटीच्या पाच जणी पाच ठिकाणी बसल्या. आम्हा गोळ्यांचं वजन बेताचं, त्यामुळे काडी ताठ उभी राही आणि किडा पाण्याखाली वीतभर नाचे. पहिली मरळ माझ्याच दोरीवर आली. काडी गडप झाली आणि धुरपदाबाईंनी असा हिसका दिला की मासा थेट काठावर! मग मरळी निघतच राहिल्या. पिल्लं वाचली, वाढली, हिवाळ्यात जाळी भरभरून रोहू निघाले. तळं गावाकडंच राहिलं.

पण सुगीत कुणाला गोळ्या जपायचं भान राहतं? माझ्या चार बहिणी तुटलेल्या दोऱ्यांसह दगडांत हरवल्या. त्यांच्या आठवणीनं आजही मला वाईट वाटतं. धुरपदाबाई रोज दोरी गुंडाळून मला डबीत ठेवत, म्हणून मी उरले.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला, तळं आटलं. सांडव्याला चीर दिसली. भिंत कलली, आता पाडावी लागणार, असं लोक बोलू लागले. अप्पा तोवर थकले होते. हे ऐकून त्यांना जेवण गोड लागेना. ते काठी टेकत तळ्यावर आले. "बाई, माझा ओळंबा हाय का वो? धोंड्याच्या मापावर गाव इस्वास ठेवायचं न्हाय."

धुरपदाबाईंनी खाली मान घालून मला एकटीला त्यांच्या हातावर ठेवलं. अप्पांनी माझ्या खाचेत दोरी अडकवली आणि मला भिंतीशी सोडलं. मी हलकी, वारा मला हेलकावे देत होता. तेव्हा धुरपदाबाईंनी पुढं होऊन दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. मी थांबले. वरपासून खालपर्यंत भिंत माझ्या दोरीला धरून होती. चीर फक्त गिलाव्याची होती.

"सरळ हाय," अप्पा म्हणाले आणि डोळे पुसले.

मित्रांनो, गळ टाकून झाला की दोरी गुंडाळा. तुटलेली दोरी काठावर सोडू नका, बगळ्यांचे पाय त्यात अडकतात. शिशाला दात लावू नका, हात धुवा. आणि लहानसहान वस्तू जपून ठेवा. बहिणींसारखी मीही हरवले असते, तर गावानं एक सरळ भिंत पाडली असती.