अर्धा कोयता

"ट्रक भरत आला, लंकाबाई. चढा की आता, का मुहूर्त बघताय?" ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाने, श्रीमंतने, खाली उतरून हाक मारली.

लंकाबाई दारात उभी होती. अंगावर लुगडं आणि पायात बूट. खर्ड्याजवळच्या त्या वस्तीवर बाईच्या पायात बूट म्हणजे फुकटचा तमाशाच. ट्रकवर बसलेली माणसंसुद्धा माना वाकवून बघत होती.

"मी कवा म्हनले येते म्हनून?"

मुकादमाने गोरक्षनाथकडे बघितलं. हा तिचा धाकटा दीर. गेल्या हंगामात उसाची मोळी चढवताना त्याच्या बायकोची, ज्योतीची, कंबर गेली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्याला मुकादम सहसा दारात उभंच करत नाही. म्हणून या पठ्ठ्याने न विचारता भावजयीचं नाव देऊन टाकलं होतं.

"घरचंच मानूस म्हनून दिलं नाव," तो पुटपुटला. "येवढा हंगाम निभवून न्या, वैनी. तिकडं बरफात काय ठिवलंय?"

ती दिवाळीला घरी आल्यापासून हा प्रश्न अख्खी वस्ती विचारत होती. लडाखात, सरहद्दीकडच्या रस्त्यावर, बर्फ काढणाऱ्यांचा एक कॅम्प आहे. हिवाळ्यात बाकीचे मजूर खाली पळतात, तेव्हा मोजकी माणसं वर राहतात आणि लंकाबाई त्यांचा स्वयंपाक करते. कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. पहिल्या हिवाळ्यात तिने इथल्या सवयीने घागर काठोकाठ भरून ठेवली. पाण्याचा दगड झाला आणि घागर उभी चिरली. सगळा कॅम्प खो खो हसला, आणि नवरा गेल्यानंतर त्या दिवशी लंकाबाईही पहिल्यांदा हसली.

"सांगू काय ठिवलंय?" ती मुकादमापुढे येऊन उभी राहिली. "मालक गेले, तवा दोन हंगाम तुमच्या दारात आले. जोडीदार आन, मग बघू, म्हनलात. मी जिती उभी हुते की तुमच्या म्होरं! तिथं कुनी जोडीदार इचारला न्हाई. सैपाक येतो का, येवढंच इचारलं. समदीच तशी हायेत तिथं. कुनी घर सोडलेलं, कुनाला घरानं सोडलेलं. सकाळी भायेर आलं की म्होरं नुसता डोंगर. कुनाची कोन, त्यो इचारत न्हाई. लई जीव लागलाय माजा तिथं."

"मग ज्योतीला चढवा," मुकादम थंडपणे म्हणाला. "मला जोडी पायजे."

घाव बरोबर वर्मी बसला. भिंतीला टेकलेल्या ज्योतीचा चेहरा उतरला. क्षणभर लंकाबाईला वाटलं, जावं मुकाट्याने. मग ती ज्योती आणि मुकादमाच्या मध्ये उभी राहिली.

"तिला हात लावायचा न्हाई. भावजीला अर्धा लिव्हा."

ट्रकवर हशा पिकला. कर्ता बाप्या, आणि अर्धा! गोरक्षनाथ कानापर्यंत लाल झाला.

"लोकं काय म्हनतील, वैनी?"

"मला दोन वर्सं म्हनत हुतीच. मेले का मी?"

"मी न्हाई जानार," ज्योती मागून म्हणाली. आवाज लहानच होता, पण ट्रकपर्यंत पोचला. "जाऊबाई, तुमी जावा तुमच्या कामाला."

मुकादम चडफडला. पण हंगामाच्या तोंडाशी माणूस कुठून आणणार? त्याने मानेनेच खूण केली, आणि गोरक्षनाथ आपलं बोचकं घेऊन वर चढला.

वर सगळी जोडीजोडीने बसली होती. कुणी सरकलं नाही. तो मागच्या फाळक्याशी एकटाच टेकला आणि खाली बघत राहिला. लंकाबाईला त्याची फार दया आली. 'थांबा, मी येते' एवढंच म्हणायचं होतं. ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती दात घट्ट दाबून उभी राहिली.