मधली ओळ

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट लहान आहे. मन लावून ऐकलीत तर गणित न येणाऱ्यालाही कळेल.

टेबलाच्या एका बाजूला मास्तर, डोळे मिटलेले. समोर त्यांची बायको, हातात पेन. मास्तरांची नजर गेल्यापासून अकरा वर्षं ते तोंडाने उदाहरणं सोडवत आणि बाई उतरवून घेत. विद्यार्थ्यांचं पुस्तक, पायरी पायरीने सोडवलेलं. मास्तरांचा दंडक एकच, मधली ओळ गाळायची नाही. "घरात विचारायला कुणी नाही, अशा पोरीसाठी लिहितोय आपण," ते म्हणत. बाई स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या.

त्या दिवशी प्रकाशकाचा माणूस बाजूच्या खुर्चीत होता. नवी आवृत्ती मास्तरांकडेच ठेवायची की एखाद्या तरुण प्राध्यापकाला द्यायची, ते बघायला आलेला. तोंडाने मात्र "सहज आलो" म्हणाला होता.

"पुढचं घे," मास्तर म्हणाले. "साइन स्क्वेअर एक्सचं इंटिग्रेशन."

बाईंनी लिहिलं.

"उत्तर, साइन क्यूब एक्स बाय थ्री."

पेन थांबलं. हीच चूक मास्तर नजर होती तोवर पोरांच्या वह्यांत लाल शाईने खोडत आले होते. तो माणूस कप खाली ठेवून पुढे वाकला.

"अहो, थांबा जरा. माझं ध्यान नव्हतं, मधली ओळ राहिली माझ्याकडून," बाई म्हणाल्या. "साइन स्क्वेअर म्हणजे वन मायनस कॉस टू एक्स, बाय टू. असंच सांगितलंत ना?"

मास्तरांनी टेबलावर बोटाने ती ओळ गिरवून पाहिली.

"असंच."

"मग एक्स बाय टू, मायनस साइन टू एक्स बाय फोर."

"शेवटचं प्लस सी विसरू नकोस."

"विसरतेय होय. त्यावरून मी काय कमी बोलणी खाल्लीत?"

तो माणूस हसला. "वहिनी, तुमच्या वेंधळेपणापायी मास्तरांचं पुस्तक चुकायचं हं एखाद्या दिवशी."

"चुकायचं खरं," म्हणत बाईंनी पान उलटलं.

तो गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "मी काय बोललो होतो?"

"मला नीट ऐकू नाही आलं."

"तुला हे कधीपासून यायला लागलं?"

"अकरा वर्षं नुसती शाई नाही संपवली."

कीर्तन रंगात असताना बुवा एखाद्या चरणावर अडखळतात. मागे उभा असलेला टाळकरी अलगद ध्रुपद उचलून धरतो. ऐकणाऱ्यांच्या माना डोलतच राहतात. बुवांना तेवढं कळतं.

पुढे मास्तर फक्त उदाहरण सांगायचे. पायऱ्या बाई मोठ्याने म्हणत लिहायच्या, आणि दर ओळीआधी मास्तर "म्हणून" एवढंच म्हणायचे. शेवटी शेवटी तेही बाईंनाच आठवण करून द्यावं लागे.

आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर मास्तरांचं नाव आहे, तेवढं एकच. कधी ते पुस्तक तुमच्या घरात दिसलं आणि एखादी पोर कुणाला न विचारता उदाहरण सोडवताना दिसली, तर उत्तराच्या वरची ओळ वाचा, आणि त्या बाईंची आठवण ठेवा.