डक्टमधलं बारसं

२००४ साली आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगमध्ये दुपारी घराघरांतून सिरियलमधल्या सासू-सुनांची भांडणं ऐकू यायची. माझ्या घरातून सिंहाची डरकाळी. प्राण्यांचा चॅनल हिंदीत दिसायला लागल्यापासून मी दुसरं काही लावतच नव्हते. "वासंती, आज कोणाची शिकार?" असं माझा नवरा सुभाष ऑफिसातून आल्यावर रोज विचारायचा. विचारू दे.

त्यामुळे बाथरूमच्या खिडकीबाहेर, पाइपांच्या डक्टमध्ये पांढऱ्या तोंडाचं घुबड दिसलं तेव्हा मी घाबरले नाही, हरखलेच. कोणीतरी टाकलेल्या लाकडी खोक्यात त्या घुबडिणीची तीन पिल्लं होती.

शेजारच्या विमलाबाईंनीही ते पाहिलं आणि खिडकी धाडकन लावून घेतली. त्यांची सून रुचिता हिचे दिवस भरत आले होते. आधीचं एक पोटातच गेलेलं. "अशा वेळी घुबड दारात नको," त्या म्हणाल्या. रविवारच्या सोसायटी मीटिंगमध्ये घरटं काढायचा विषय ठेवला गेला. काढलं असतं तर पिल्लं मेलीच असती. त्यांना उडता कुठे येत होतं? घुबड उंदीर खातं, आपल्याच फायद्याचं आहे, हे मी जिन्यात घसा कोरडा करून सांगितलं. लोक माना डोलवायचे आणि मागाहून सुभाषला विचारायचे, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

मग मला केबलवाल्याचा स्वतःचा चॅनल आठवला. त्यावर आमच्याच भागातली लग्नं, बारशी दाखवायचे, आणि आपण कुठे दिसतो का ते बघायला झाडून सगळे बसायचे. शूटिंग करायचा जवळच्या उत्तन गावचा कॉन्रॅड. त्याला मी बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसवलं.

"लाइट न्हाय लावायचा तं दिसंल काय, आंटी?"

"दिवेलागणीला दिसतं. आणि हळू बोल, बिथरेल ती."

घुबडीण उंदीर घेऊन आली. कॉन्रॅडने श्वास रोखून सगळं टिपलं. मी त्याला वर माहितीही दिली, अगदी शास्त्रशुद्ध.

शनिवारी चॅनल लावला आणि माझं डोकंच फिरलं. माहितीतलं एक अक्षर नव्हतं. चारी बाजूंनी फुगे, कोपऱ्यात हलता पाळणा, मागे सनई, आणि ती पिल्लाला भरवते तिथे वरून गुलाबाच्या पाकळ्या. मी फोनवर त्याला फाडून खाल्लं.

"माझ्या कॉम्प्युटरात दोनच डिझाइन हायत, आंटी," तो म्हणाला. "लगीन नायतर बारसा. म्हणून बारसा लावला."

रविवारी मी तोंड पाडून मीटिंगला गेले. सेक्रेटरी दशरथरावांनी घरट्याचा विषय काढला आणि विमलाबाई उठल्या.

"मोठी दोघं हिसकावून खातात," त्या म्हणाल्या. "धाकट्याला ती शेवटी भरवते, पण भरवते."

दशरथराव काही लिहायला लागले, पण त्या थांबल्या नाहीत.

"बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढतं का? पोरं उडेपर्यंत हात लावायचा नाही."

माझ्या माहितीने जे झालं नाही ते त्या पाळण्याने केलं. मला राग यायला हवा होता, पण डोळे भरून आले.

थोड्याच दिवसांत रुचिताला मुलगी झाली. नात घरी आली त्या संध्याकाळी विमलाबाई माझ्याकडे आल्या, थेट बाथरूममध्ये गेल्या आणि बादली उलटी करून बसल्या.

"धाकटं उडालं का गं?"

"अजून नाही."

"मग थांबते जरा," त्या म्हणाल्या, आणि मला दुसरी बादली आणायला लावली.