बर्फाच्या पाण्यातलं माप

धाकट्या जावेनं रविवारी सकाळी फ्रिजची वीज तोडली आणि डब्यातला बर्फाचा ओबडधोबड गोळा उचलून सिंकमध्ये फेकला. शाळेच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काढलेली बाई ती, साफसफाई केल्याशिवाय कामाला हात घालायची नाही. पुढे तिला या साफसफाईचा फार पश्चात्ताप व्हायचा होता, पण तेव्हा ती खुशीत होती.

दुखणं विचित्र होतं. फ्रिज आपोआप बर्फ करायचा, पण आठवडाभर तो कच्चाच बर्फ पाडत होता. खडे वरून टणक आणि आत पाणी. डब्यात पडले की फुटायचे, आणि सकाळपर्यंत सगळ्यांचा मिळून एक धोंडा व्हायचा. सासऱ्यांच्या गुडघ्याला दुपारी चारला बर्फ लावायचा असतो. गुडघ्यावर धोंडा कसा ठेवणार?

तिनं एकेक संशयित तपासला. पाणी व्यवस्थित येत होतं. दाराचं रबर घट्ट होतं. वीज तोडण्याआधी फ्रीझरमध्ये उणे अठरा होतं, म्हणजे थंडीचीही तक्रार नाही. राहता राहिला सेन्सर, ट्रेच्या पोटाला चिकटलेला, दोन वायरींचा, शेंगदाण्याएवढा. पाणी गोठलं की तो कळवतो आणि यंत्र ट्रे उलटा करतं. हाच खोटं बोलत असणार, अशी तिची खात्री झाली. तिनं तो सोडवून त्याला रोध मोजायचं मीटर लावलं. खोलीत पंचवीस अंश होते. फ्रिजच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात थंडी वाढेल तसा आकडा चढत होता; पंचवीस अंशांना पाच किलोओहम लिहिलं होतं आणि मीटरवर पाच आले. पुन्हा लावलं, पुन्हा पाच. गडी निर्दोष सुटला, आणि बाई डोक्याला हात लावून ओट्यापाशी खाली बसली.

"आठ महिने झाले," खुर्चीतून सासरे म्हणाले. "सरळ विचारून का टाकत नाहीस, काय बिनसलंय ते?"

"अण्णा, फ्रिजला कसं विचारू? आणि आठ दिवस झालेत, आठ महिने नाही."

"फ्रिजबद्दल कोण बोलतंय?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

अण्णांचा रोख तिला कळला. थोरली जाऊ खालच्या मजल्यावर राहायची आणि गेले आठ महिने धाकटीशी मोजकं बोलायची. भांडण नाही, तंडण नाही. जिन्यात भेटली तर "बरं आहे ना?" आणि पुढे चालू. धाकटीनं याचीही पुष्कळ चिकित्सा केली होती. मुलाच्या मार्कांवरून आपण काही बोललो का? भाजी खारट झाली म्हटलं ते लागलं का? तिची चादर वाळत घालताना फाटली, ती सांगायची राहिली म्हणून? एकाही कारणावर बोट ठेवता येईना. आणि तिला थोरलीवाचून करमत नव्हतं. हे ती नवऱ्यालाही सांगायची नाही, पण खरं होतं.

तिनं पुस्तिका पुन्हा उघडली. तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की नुसत्या खोलीतल्या मापावर जाऊ नका. सेन्सर बर्फाच्या पाण्यात धरा, सोळा यायला हवेत.

बर्फाच्या पाण्यात! बर्फ तर तिनं स्वतःच्या हातानं गटारात सोडला होता. नवा करायचा तर फ्रिज सकाळपासून बंद, वर त्याचे अर्धे अवयव ओट्यावर. चार वाजायला आले होते. बर्फ होता फक्त खाली.

जिना उतरताना तिला धड कळेना, की आपण बर्फ मागायला चाललोय की निमित्त मिळालं म्हणून.

थोरलीनं दार उघडलं. "काय गं?"

"ताई, वाटीभर बर्फ मिळेल? अण्णांना हवाय, आणि सेन्सरलाही."

"कुणाला?"

धाकटीनं सगळं समजावून सांगितलं. थोरलीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं वाडगं भरलं, पण धाकटीच्या हातात दिलं नाही. "चल," एवढंच म्हणाली आणि पुढे होऊन जिना चढू लागली.

वर आल्यावर तिनं आधी सासऱ्यांच्या गुडघ्यावर बर्फाची पुरचुंडी बांधली. मग उरलेला बर्फ ग्लासातल्या पाण्यात टाकून ग्लास धरून उभी राहिली. धाकटीनं सेन्सर आत सोडला. आकडा चढत गेला. बारा, सोळा, बावीस. सत्तावीसवर थांबला.

"सोळा हवे होते ना?" थोरलीनं विचारलं.

"हो. सत्तावीस म्हणजे तक्त्यात उणे दहा. पाणी शून्यावर आहे आणि हा सांगतोय उणे दहा. म्हणून यंत्र कच्चाच बर्फ पाडतंय. खोलीत मात्र अगदी शहाण्यासारखा वागतो हो!" धाकटीला इतका आनंद झाला, की त्याच भरात तोंडून निघून गेलं, "ताई, माझं काय चुकलं?"

थोरलीनं ग्लास खाली ठेवला. पदराला हात पुसले.

"हा फ्रिज आला त्या दिवशी मी रोजच्यासारखा बर्फ घेऊन आले होते. तू म्हणालीस, आता जिने चढायचा त्रास नको तुम्हाला."

"अहो, मी तुमच्या काळजीनं म्हटलं!"

"माहितीये. म्हणून तर भांडताही येईना." थोरलीचा आवाज बारीक झाला. "खाली दुपारभर माणूस नसतं गं. अण्णांचा बर्फ होता म्हणून यायला मिळायचं. नुसतं कशी येऊ?"

धाकटीच्या हातात मीटर तसंच होतं. त्यावरचा आकडा तिला दिसेनासा झाला.

"नवा सेन्सर मंगळवारी बसेल," ती म्हणाली. "तुम्ही बुधवारी चारला या."

"बुधवारी कशाला?"

"कशालाच नाही. या."