गुटगुटच्या पोटातले काका

“हे बघ पोरी, आमच्या ह्यांनी पोटावर लागोपाठ दोन थापा मारल्या ना, की हसत बसू नकोस. मला हाक मार,” दुकानातल्या काकू चिकटपट्टी दातांनी तोडत म्हणाल्या.

“हो, हो,” ती म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. हातातल्या बाहुल्याचा डोळा ती नखानं उपटून बघत होती. डोळा निघाला, लेकीनं तोंडात घातला, घशात अडकला, तर?

तिचा स्वभावच तसा. गरम पाण्याची बादली, बाल्कनीचे गज, जिन्यातली ओल, सगळ्यांत तिला संकट दिसे. नवरा म्हणे, “तू झोपेतसुद्धा दाराची कडी तपासतेस.” पण झुरळापासून विजेपर्यंत सगळ्याला घाबरणाऱ्या ह्या बाईनं तो एक इशारा मात्र या कानानं ऐकला आणि त्या कानानं सोडून दिला. एक गोंडस कापडी पाणघोडा पोटावर थापा मारतो, त्यात घाबरायचं काय?

गुटगुट म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतलं पाणघोड्याचं पिल्लू. निळं, गोलमटोल, डोळे अर्धवट मिटलेले आणि खालच्या जबड्यातून डोकावणारा एकच दात. त्यानं घरोघरी असं काही बस्तान बसवलं होतं की विचारू नका. तिच्या लेकीच्या, ठकीच्या, ब्रशवर गुटगुट, चादरीवर गुटगुट, गुडघा फुटला की वर लावायच्या पट्टीवरही गुटगुटच. पोरांचं एक वेळ समजू शकतं. पण पेशंटवर खेकसणाऱ्या दंतवैद्यांच्या खिशाला गुटगुटचं पेन होतं. सोसायटीत कुणाशी धड न बोलणाऱ्या चिटणिसांच्या किल्ल्यांना गुटगुट लटकत होता. सासूबाईंनी “मला मेलीला काय करायचेत हे पोरखेळ” म्हणत म्हणत गुटगुटचं चित्र असलेली चष्म्याची डबी घेतली होती, आणि ती जरा कुणी हलवली की “माझा गुटगुट कुठाय?” म्हणून त्या घर डोक्यावर घेत. नवऱ्याच्या ऑफिसच्या बुटांत कोणते मोजे असत ते न सांगितलेलंच बरं.

हे सगळं मिळे ते कोपऱ्यावरच्या दुकानात. काकू तिथे भेटवस्तू कागदात बांधून देत. आणि दुकानाच्या दारात, त्या माणसाएवढ्या कापडी गुटगुटच्या आत, काकूंचे यजमान उभे असत. हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तिला कळलं ते तिच्या चौकसपणामुळे. आपल्या पोरीला मिठी मारणारा हा माणूस आहे तरी कोण, ह्याची खातरजमा केल्याशिवाय तिला चैन पडेना. शेवटी काकूंनीच तिला एकदा मागच्या गोदामात नेलं. काका गुटगुटचं डोकं शेजारी ठेवून चहात बिस्किट बुडवत होते. खाली निळं पोट, वर पिकलेल्या केसांचा शिडशिडीत माणूस.

“तपासणीला आलात? बरं केलंत,” ते म्हणाले. “आईनं असंच असावं.”

“आत त्रास नाही होत तुम्हाला?”

“कसला त्रास? उभा जन्म लिफ्ट चालवण्यात गेला माझा. माणसं आत शिरायची आणि माझ्याकडे पाठ करून आकडे बघत बसायची. आता दिसलो की धावत येऊन बिलगतात!”

“आणि घरी मी जवळ बसले तर म्हणतात, सरक, उकडतंय,” काकू म्हणाल्या.

“घरी तू माप काढायला बसतेस. पोट किती वाढलं म्हणून.”

गुटगुटनं बोलायचं नाही आणि मुलांसमोर डोकं काढायचं नाही, हा दुकानाचा पक्का नियम. त्याच्या उघड्या तोंडातून काकांना समोरचं वीतभरच दिसे. पायऱ्या दिसत नसत, त्यामुळे कुणी हाताला धरून नेल्याशिवाय आत जाता येत नसे. म्हणून नवराबायकोनं आपसात खूण ठरवली होती. पोटावर दोन थापा म्हणजे, आता पुरे, आत ने. काकू काचेतून एक डोळा बाहेर ठेवूनच कागद कापत.

पण गल्लीतल्या पोरांना वाटलं, हा गुटगुटचा रामराम! मालिकेतला गुटगुट असं काही करत नसे. तरी बघता बघता शाळेच्या रांगेत, बागेत, जिन्यात, पोरं एकमेकांना भेटली की पोटावर दोन थापा. तिचा नवराही भूक लागली की तेच करू लागला. तीही हसायची. थापांचा खरा अर्थ तिला ठाऊक होता, पण रोज उठता बसता बघितलेल्या गोष्टीची धास्ती कशी राहणार?

त्या रविवारी दुकानात झोपलेल्या गुटगुटच्या आकाराची नवी उशी विकायला आली होती. रांग पार फुटपाथवर. उन्हाचा नुसता भडका. ठकीचा हात घट्ट धरून ती रांगेत उभी होती. मागची एक आजी तावातावानं सांगत होती, “नातवासाठी नाही हो, माझ्यासाठीच घेतेय. त्याला कशाला सांगायचं?”

दारात गुटगुट पोरांच्या घोळक्यात उभा होता. त्यानं पोटावर दोन थापा मारल्या. सगळ्या पोरांनी मारल्या. रांगेतल्या मोठ्या माणसांनीही मारल्या. हशा उठला.

त्यानं पुन्हा मारल्या. लोकांनी मोबाइल वर धरले. तिनंही हसत हसत आपल्या पोटावर एक थाप मारली, आणि दुसरीसाठी उचललेला हात तसाच राहिला.

गुटगुटनं पाय फाकले होते. एका मुलानं त्याच्या कमरेला मिठी घातली होती, आणि त्या इवल्याशा वजनानं तो केवढा हलला! थापा चालूच होत्या, पण हात पोटापर्यंत नीट पोचत नव्हता. काचेमागे काकूंच्या भोवती गिऱ्हाइकांची भिंत.

“काकू!” ती ओरडली. लोक तिच्याकडे बघून आणखीच हसले.

मग तिनं आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. ठकीचा हात मागच्या अनोळखी आजीच्या हातात दिला. “हिला धरा. सोडू नका.” आणि ती गर्दीत घुसली.

“काकू, ते थापा मारताहेत! कधीचे!”

काकूंच्या हातातली कात्री टेबलावर पडली. दोघींनी त्यांना दोन बाजूंनी धरलं, पायऱ्या चढवल्या. बाहेर पोरांनी टाळ्या वाजवल्या. गोदामापर्यंत पोचेतो काकांचा सगळा भार तिच्या खांद्यावर आला होता. गुटगुटचं डोकं काढायला तिनं हात घातला, तर त्या जाड निळ्या पंजानं तिचा हात अडवला. काकूंनी दार लावून घेतलं, तेव्हाच पंजा खाली आला.

आतला चेहरा पांढराफटक होता. पाणी पोटात गेल्यावर ते पहिलं बोलले, “पोरं घाबरली नाहीत ना?”

“पोरांची काळजी! स्वतः पडला असतात म्हणजे?” काकू त्यांचं डोकं पुसत होत्या. “एखाद्याला ढकलून आत यायला काय झालं होतं?”

“ढकलू कसा? बिलगला होता तो.”

डॉक्टरांनी ते काम कायमचं बंद करायला सांगितलं. दारात आता दुसरं कुणी उभं असतं. खूण मात्र गल्लीत तशीच आहे. काकूंना नोकरी सोडून चालण्यासारखं नव्हतं, म्हणून दिवसभर काका घरी एकटे.

नवऱ्याच्या बदलीची ऑर्डर आली, तेव्हा निरोप घ्यायला ती ठकीला घेऊन त्यांच्याकडे गेली. काकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. ठकी आईच्या मागे लपली. ह्या काकांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. जरा वेळानं धीर आला, तशी काखेतला गुटगुट पुढे करून तिनं विचारलं, “हा माझा मित्र आहे. तुम्ही ओळखता ह्याला?”

आईनं चटकन काकांकडे वळून पाहिलं. काकांनी चष्मा पुसून बाहुल्याकडे नीट बघितलं.

“ऐकून आहे,” ते म्हणाले. “भला आहे म्हणतात.”

“तो मला रोज मिठी मारायचा. आता तो वेगळीच मारतो.”

“अस्सं? वेगळी म्हणजे कशी?”

ठकी त्यांच्या शेजारी खुर्चीवर चढून बसली आणि हात पसरून पसरून समजावू लागली. काका मान डोलवत ऐकत राहिले. हात त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

आता ती दूरच्या गावात आहे. दर आठवड्याला फोन करते. काका फोनवर नेहमी खुशालच असतात, म्हणून तिला भरवसा वाटत नाही. तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या बाजूला राहत असेल, तर तिचं एवढं ऐका. दुकानाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतचं दार. काकू संध्याकाळी उशिरा येतात, म्हणून दुपारी जा. दार अर्धंच उघडून ते म्हणतील, “मी ठणठणीत आहे.” तरी आत जा. जरा वेळ बसा.