पाजली कुणी?

ताईचा नवरा गेल्यावर दोन महिन्यांनी आईने तिला वकिलाकडे नेलं. वकील आईनेच दिला होता, धाकट्या लेकासाठी. आणि धाकट्यावर खटला होता तो ताईच्याच नवऱ्याच्या खुनाचा.

"आपणहून प्यायलेल्याला कायदा असा सोडत नाही," वकील म्हणाले. "पण कुणी नकळत पाजली असेल आणि आपण काय करतोय हेच त्याला कळत नसेल, तर सुटतो. समजा, सरबतातून दिली..."

"कुणी?" ताईने विचारलं.

वकील फाइल चाळू लागले. उत्तर आईने दिलं. "तो तर गेला गं. त्याला आता काय होणार? हा तरी वाचू दे."

ताई गप्प राहिली. आईला तो होकार वाटला.

ताईचा नवरा गॅरेजात मेकॅनिक होता. मेहुण्याला त्यानेच चिकटवलं, आणि तीनदा पिऊन आला म्हणून त्यानेच काढलं. त्या दुपारी ताई नवऱ्याला जेवायला वाढत असताना धाकटा तर्र होऊन घरात शिरला आणि शिव्या घालू लागला. "आधी झोप काढ, मग बोलू," नवरा म्हणाला. धाकट्याने कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीतला पाना घेऊन त्याच्या डोक्यात घातला.

कोर्टात वकिलांनी विचारलं, "तुमच्या नवऱ्याने त्याला सरबत दिलं होतं ना?"

"नाही. तो बाहेरूनच पिऊन आला होता."

वकिलांनी प्रश्न बदलला. "पण त्याला शुद्ध नव्हती. बरोबर?"

"आधी त्याने लहान पाना उचलला," ताई म्हणाली. "हातात तोलून पाहिला. परत ठेवला आणि मोठा घेतला."

आई बाकावरून उठून बाहेर गेली.

जन्मठेप झाली. आई ताईकडेच राहत होती, जाणार कुठे? दोघी एकाच खोलीत झोपत. आई तिच्याशी एक शब्द बोलेना. ताईने वाढलेलं ताट ती भिंतीकडे तोंड करून संपवायची.

ताई एकदाच तुरुंगात गेली. जाळीपलीकडे धाकटा रडत होता. "ताई, आईशप्पथ, मला काहीच आठवत नाही गं."

लहानपणापासून त्याचं खोटं तिला लगेच कळायचं. हे खोटं नव्हतं.

"मला आठवतं," ती म्हणाली, आणि वेळ संपायच्या आतच उठली.