आखूड बाही

नेरेयदाने आणलेला मापाचा दोरा ओब्दुलियाने चिमटीत धरला आणि टेबलाच्या कडेवर ताणून पाहिला. त्या कडेला नखाएवढी एक खाच होती. ती कशाची आहे हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दोरा खाचेच्या दीड बोट अलीकडे संपला.

"झबल्याच्या बाह्या कशा करू?" तिने खाली बघतच विचारलं.

"कशा म्हणजे? दोन. सारख्या." नेरेयदा हसली. "का गं, माझ्यावरही संशय?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हणत नाहीस, पण डोळे दारोग्यासारखे फिरवतेस."

ओब्दुलियाने वहीत माप लिहून घेतलं. नेरेयदा शेजारीण होती, चांगली होती, पण म्हणून काय झालं?

मुकुसाय गावात नवं वर्ष लागलं की कुणाच्या ना कुणाच्या नाताळच्या गव्हाणीतून बाळ येशूची मूर्ती चोरीला जाते. ती रीतच आहे. चोराने बाळाला आपल्या घरी ठेवायचं, नवं झबलं घालायचं, आणि फेब्रुवारीच्या दोन तारखेला, मेणबत्त्यांच्या सणाला, मालकिणीने वाजंत्री घेऊन दारोदार शोधत यायचं. बाळ सापडलं की गाणी म्हणत घरी आणून गव्हाणीत उभं करायचं. चोराच्या पोटात सहसा काही राहत नाही. चार दिवसांत तो कुठे तरी फुशारकी मारतो आणि मालकिणीला दार कळतं.

यंदा ओब्दुलियाच्या घरचं बाळ गेलं त्याला पंचवीस दिवस झाले होते आणि गावात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

बाळ तिच्या पणजीपासूनचं, लाकडी. टेबलाच्या कडेची ती खाच त्याच्याच उंचीची. त्याचा डावा हात कधी काळी मोडला होता आणि वाकडा बसवला होता, म्हणून त्याच्या झबल्याची डावी बाही दोन बोटं आखूड करावी लागे. हे घरातल्यांनाच माहीत होतं. गावातल्या साऱ्या बाळांची झबली क्रोशावर विणून द्यायची ती ओब्दुलियानेच. तेव्हा चोर आज ना उद्या तिच्याच दारात येणार आणि बाहीपाशी अडकणार, असा तिचा हिशेब. पण आलेल्या अकरा जणींनी "सारख्या" असंच सांगितलं.

मग तिला डिसेंबरात आलेला तो माणूस आठवू लागला. शहरातला होता. जुन्या वस्तू विकत घेत फिरत होता. त्याने बाळाला उलटं करून तळ पाहिला, नखाने रंग खरवडला आणि किंमत सांगितली. तिने त्याला हाकलून दिलं होतं. बाळ त्याच्या हाती लागलं असेल तर ती रीतभात नव्हे, सरळ चोरी, आणि बाळ काही परत यायचं नाही. बाळ उभं राहिलं नाही तर त्या साली घरचं माणूस उभं राहत नाही, असं तिची आई म्हणायची. ओब्दुलियाच्या घरचं माणूस म्हणजे आता एकटी लेक मारिसेला, आणि तीही चिलीत, कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत. ओब्दुलियाला या गोष्टीची खरोखर भीती वाटत होती.

"एक सांगू?" जाता जाता नेरेयदा उंबऱ्यात थांबली. "तो शहरातला माणूस ओलेगारिओकडे कॉफी प्यायला होता. आणि परवा बसने ओलेगारिओचं एक खोकं आलंय. चिकटपट्ट्यांनी गुंडाळलेलं. त्याला कोण खोकी पाठवणार, सांग बरं!"

ओलेगारिओचं घर गल्लीच्या पलीकडे होतं. तो मारिसेलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणजे ओब्दुलियाचा कोंपाद्रे, भावासारखं मानायचं नातं. चार वर्षांपूर्वी त्याच्याच ट्रकमधून मारिसेला पहाटे निघून गेली. ओब्दुलिया उठली तेव्हा अंथरुणाची घडी घातलेली होती. लेकीचा पहिला फोन आला त्याच दिवशी तिने लेकीला माफ केलं. त्याला नाही केलं. राग कुठे तरी ठेवावा लागतो, आणि समोरचं घर सोयीचं होतं. तेव्हापासून तिने त्याला कोंपाद्रे म्हणून हाक मारली नव्हती, कसलीच हाक मारली नव्हती.

आता ती खिडकीशी बसून विणू लागली. साखळी, खांब, मुका खांब, आणि मधेच एक नजर पलीकडे. त्याच्या पुढच्या खिडकीवर पडदा होता. या माणसाने जन्मात कधी पडदा लावला नव्हता. कुत्राही बांधून ठेवलेला. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही.

"विकलं यानं," ती स्वतःशीच म्हणाली. "आधी लेक नेली, आता बाळ."

दोन तारखेला दुपारी व्हायोलिन आलं, गिटार आली, मेणबत्त्या आल्या, पोरंबाळं आली. घरामागून घर झालं, पण बाळ कुठेच नव्हतं. गाणं म्हणता म्हणता लोकांचे आवाज उतरत गेले. ओलेगारिओच्या दारापुढून ओब्दुलिया तशीच पुढे निघाली, तेव्हा व्हायोलिनवाले म्हातारे डॉन फुल्हेन्सिओ थांबले.

"एक दार सोडलं तर तो शोध कसला, बाई?"

"तिथं नाही माझं काही."

"मग बघायला काय हरकत आहे?"

दार उघडंच होतं. आत टेबलावर पांढरा कपडा होता, दोन मेणबत्त्या होत्या, आणि बाळ. ओलेगारिओ टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा होता. मागे लोकांनी हुश्श केलं, कुणी टाळ्या वाजवल्या. ओब्दुलिया मात्र झबल्याकडे बघत राहिली.

झबलं चुकलं होतं. उजवी बाही दोन बोटं आखूड, त्यामुळे धडधाकट मनगट उघडं पडलेलं, आणि डाव्या बाहीत वाकडा हात पार बुडालेला. ती कुणीतरी आत दुमडून टाचणीने टोचली होती.

"मापाचं काय झालं कोण जाणे," ओलेगारिओ पुटपुटला. "मी आपली दुमडली."

ओब्दुलियाने काठ बोटांवर घेतला. टाके इतके आवळलेले की सुई शिरायची नाही. बकरी बांधतेस का गं, असं ती ज्या हाताला रोज ओरडायची, तो हात. बाळाला मांडीवर बसवून ती झबलं चढवायची तेव्हा मारिसेला दोऱ्याचा गुंडा धरून समोर बसलेली असायची. समोरून पाहणाऱ्याला डावा हात उजवीकडे दिसतो. चिलीतल्या त्या खोलीत डोळे मिटून तिने तो तसाच पाहिला असणार.

ओब्दुलियाने काठ हातातून सोडला नाही.

"तिनं सांगितलं होतं, चोरी तिच्या नावानं करायची," ओलेगारिओ म्हणाला. "झबलं खोक्यातून पाठवते म्हणाली, आणि तुम्ही दारात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी शपथच घातली. तीच चोर. मी नुसता हमाल." त्याने टोपी हातात फिरवली. "तेव्हाही हमालच होतो."



"हमालानं निदान दार तरी वाजवायचं असतं," ती म्हणाली.

"चुकलंच."

डॉन फुल्हेन्सिओंनी रेशमी रुमाल उघडला. बाळाला त्यात निजवून घरापर्यंत न्यायचं, आणि चार टोकं कुणी धरायची ते चोराने ठरवायचं. ओलेगारिओने नेरेयदाचं नाव घेतलं, मग म्हाताऱ्यांच्या दोन्ही सुनांची.

"चौथं टोक मारिसेलानं स्वतःला ठेवलंय," तो म्हणाला. "तिच्याऐवजी कुणी धरायचं ते तुम्ही सांगायचं, असं म्हणाली."

तिघी आपापली टोकं धरून उभ्या राहिल्या. चौथं टोक लोंबत होतं. ओब्दुलियाने बाहीतली टाचणी काढली, दुमड सोडून सरळ केली आणि लांब बाही होती तशीच राहू दिली. मग बाळाला उचलून रुमालात ठेवलं.

"बघत काय उभे राहिलात, कोंपाद्रे?" ती म्हणाली. "एका बाजूनं कलतंय ते."